कणकेचं मांजर

आमच्या भागात मांजर कुणी मारत नाही. मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्यातलं कुणी काशीला गेलेलं नव्हतं आणि मांजराएवढं सोनं कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणून मांजर मारत नाहीत, सोडतात. पोत्यात घालायचं, तोंड सुतळीनं आवळायचं, नदीपलीकडे न्यायचं आणि सोडून यायचं. 'सोडणे' हा फार सोयीचा शब्द आहे. त्यात हात स्वच्छ राहतात. माझ्या आत्याला तिच्या नवऱ्यानं कधी मारलं नव्हतं. सोडलं होतं.

आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील तिला आक्का म्हणत. तिला मूल झालं नाही, म्हणून सासरच्यांनी एके दिवशी तिला बैलगाडीत बसवलं, चाकणच्या अलीकडे आमच्या गावच्या शिवेवर उतरवलं आणि गाडी मागे वळवली. गावातल्या घरात तोवर चुलत्यांचा संसार पसरला होता. काही दिवस ती गोठ्याच्या पडवीत राहिली, आणि मग पिंपरीला आमच्याकडे आली. एका हातात लुगड्यांचं बोचकं, दुसऱ्या हातात झाकलेली टोपली. टोपलीत मांजर होतं. बांडं, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं.

"हे कशाला आणलं?" आईनं दारातच विचारलं.

"माझं हाय," आत्या म्हणाली.

'माझं हाय' असं म्हणता येईल अशी तिच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती. ते मांजर घरात राहतं की नाही, एवढाच पुढचा सगळा प्रश्न होता. आणि जिचं मांजर राहू दिलं जात नाही तिनं त्या घरात कुणाची म्हणून राहायचं, हा त्याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग होता. आत्याला तो पहिल्या दिवशीच कळला होता. बाकीच्यांना तो कळून घ्यायचा नव्हता.

पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकतेच कारखाने उभे राहू लागले होते. वडील एका कारखान्यात फिटर होते. कामगारांच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. आतल्या खोलीत स्वयंपाक आणि मोरी, बाहेरच्या खोलीत वडिलांची खाट, सायकल, कोपऱ्यात भिंतीवर देव्हारा, आणि देव्हाऱ्याखाली जमिनीवर पत्रकांचे गठ्ठे. वडील युनियनचं काम बघत. पत्रक लिहायचे तेच, पुण्याहून छापून आणायचे तेच आणि गेटवर उभे राहून वाटायचेही तेच. मी त्या गठ्ठ्यांवर बसून वाचायला शिकले. शाळेत इतर मुली 'आई, भाकर दे' वाचत होत्या, तेव्हा मी 'माणसाला माणूस म्हणून जगू द्या!' वाचत होते, तेही उद्गारचिन्हासकट. त्या वाक्यावर माझा तेव्हा विश्वास होता. आजही आहे. नसता तर हे लिहिण्याची गरज नव्हती.

आत्यानं मांजराला गावी चुलीच्या राखेची सवय लावली होती. इथे तिनं वडिलांकडून एक बुटकं लाकडी खोकं मागून घेतलं, मोरीच्या कडेला ठेवलं आणि त्यात राख भरली. मांजर आल्या दिवसापासून खोक्यात जायचं, उकरायचं, बसायचं, नीट झाकायचं आणि पंजे झटकत बाहेर यायचं. आईसुद्धा एकदा म्हणाली, "माणसापरास बरं हाय की."

पण वसाहतीत स्वयंपाक स्टोव्हवर व्हायचा. स्टोव्हची राख होत नाही. राख मिळायची ती फक्त सकाळच्या बंबाची, आणि तेवढ्याच राखेवर आईला भांडी घासायची असायची. गावी जिची कुणाला किंमत नसते त्या राखेवरून आमच्या घरात दोन बायका भांडल्या.

"मांजराच्या ढुंगणाला राख, आन् माझी भांडी वशाट?" आई म्हणाली.

"थोडी ठेवा वैनी. मूठ-दोन मुठी."

"वन्सं, तुमी खाता त्या ताटाला राख लागती. मांजराला माळ पडलाय सगळा."

आत्यानं माळावरून माती आणली. पण आमच्या माळावर माती कुठली, सगळा मुरूम. मुरूम पंजाला टोचतो. मांजर खोक्याच्या काठावर उभं राहायचं, एक पाय आत घालायचं, काढून घ्यायचं, आणि आत्याच्या तोंडाकडे बघायचं. मग एके सकाळी ते बाहेरच्या खोलीत आलं, देव्हाऱ्याखालच्या कोपऱ्यात गेलं आणि तिथे फरशीवर बसलं.

देवाच्या पायाशी मांजर मुतलं म्हटल्यावर आईनं कोपरा पुसला आणि मला हाक मारली. "गडू घे. गवळ्याकडं जा. गोमूत आण."

रेल्वे लाइनीच्या पलीकडे गवळ्याचा गोठा होता. मी पितळी गडू भरून आणला. आईनं कोपऱ्यात गोमूत्र शिंपडलं, हात जोडले. दुसऱ्या दिवशी मांजर पुन्हा तिथेच बसलं. आईनं पुन्हा शिंपडलं, या वेळी जास्त. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. मग हा घरचा नेमच झाला. आधी मांजर, मग गडू, मग मांजर.

आईविषयी मला न्यायानं लिहिलं पाहिजे. माझ्या पाठीवरची दोन मुलं तिनं जन्मताच पुरली होती आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. घरात काही अपवित्र झालं की तिचा हात आधी पोटावर जायचा. ती भ्यालेली होती. पण भ्यालेलं माणूस दयाळू असतं, हे कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पहिले उपाय वडिलांनी केले. मांजराचं मानगूट धरून त्याचं नाक ओल्या फरशीवर घासलं. "असंच शिकवत्यात जनावराला," ते म्हणाले. मांजर शिंकलं, खाटेखाली गेलं आणि संध्याकाळी परत त्याच कोपऱ्यात बसलं. मग आईनं तिथे लाल तिखट पसरलं. मांजरानं पंजे चाटले आणि दिवसभर तोंडाला फेस आणून घरभर फिरलं. मग त्याला खोक्याजवळ, मोरीच्या नळाला, हातभर दोरीनं बांधलं. ते ओरडत राहिलं. शेजारचे विचारू लागले तेव्हा सोडलं. वडिलांनी सायकलचा पंप दोनदा त्याच्या पाठीवर मारला. आत्या प्रत्येक वेळी आतल्या खोलीत असायची. स्टोव्हला जोरानं पंप मारत बसायची. स्टोव्हच्या आवाजात बाकीचं ऐकू येत नाही.

पत्रकांचा सर्वांत खालचा गठ्ठा एव्हाना भिजून वाळला होता आणि वाळून परत भिजला होता. वडिलांच्या ते लक्षात आलं नाही. गेट-सभेच्या दिवशी त्यांनी तोच उचलून नेला. त्या संध्याकाळी त्यांचे एक मित्र घरी चहाला आले. मराठवाड्यातून आलेले टर्नर होते, हसरे. ते खाटेवर बसून सांगू लागले, आणि वडील तोंड फिरवून बसले.

"अहो काय सांगू वैनी, गेटवर गर्दी. हे पत्रक देतात, माणूस घेतो, वाचायला तोंडाजवळ नेतो, आन् नाक धरतो! एक जण म्हणतो, राव, हा कामगाराच्या घामाचा वास आहे. दुसरा म्हणतो, भावा, घामाचा नव्हं, हा खालचा हाय! मॅनेजरचा शिपाई आला, त्यालाही दिलं. त्यानं हुंगलं आणि म्हणतो, पुढारी, मागण्या कडक आहेत."

आई पदरात हसली. आत्या चहाचे कप घेऊन उभी होती, तिलाही हसू आलं. वडिलांनी नेमकं तिचं हसू पाहिलं. मला वाटतं, मांजराचं काय करायचं ते त्याच क्षणी ठरलं. पत्रकावर मुतणाऱ्याला एक वेळ माफी मिळाली असती. पुढाऱ्याला हसणाऱ्या बहिणीला नाही.

तरी मध्ये एक आठवडा असा आला की सगळं सुटलं असतं. डोहाळजेवणाला आई माहेरी गेली. आत्यानं त्याच दुपारी धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं, कोपरा खराट्यानं घासला, पुन्हा साध्या पाण्यानं धुतला आणि खिडकी उघडी टाकून वाळवला. बंबाची सगळी राख खोक्यात ओतली. भांडी तिनं नारळाच्या शेंडीनं आणि चिंचेनं घासली. मांजर खोक्यात गेलं. उकरलं, बसलं, झाकलं. आई येईपर्यंत रोज ते खोक्यातच गेलं. कोपरा कोरडा राहिला. वडिलांनी तिथे नवे गठ्ठे ठेवले.

आई परतली ती हातभर हिरव्या बांगड्या आणि ओटीचा नारळ घेऊन. बसण्याआधी तिनं गडू काढला. प्रवासातून आली होती, देव इतके दिवस कुणी बघितले नव्हते, म्हणून घरभर शिंपडलं आणि कोपऱ्यात जरा जास्तच शिंपडलं. मांजर खाटेखालून उठलं. कोपऱ्यात गेलं, फरशीला नाक लावलं, वरचा ओठ उचलून हुंगलं, वळलं, आणि आमच्या सगळ्यांच्या देखत तिथे बसलं.

"बघा वैनी," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट काहीतरी सापडल्याचा आनंद होता. "ते मुताच्या वासाला जातंय. तुमी शिपडता म्हून ते बसतंय. त्याला वाटतं, हीच बसायची जागा."

"गाईचं मूत आन् मांजराचं मूत एक व्हय वन्सं?"

"मला न्हाई. त्याला हाय."

"देवाम्होरं शिपडलेलं तीर्थ हाय ते." आईचा हात पोटावर गेला. "ज्यांच्या पोटी काय न्हाई त्यांनी मला शिकवू ने."

मी वडिलांकडे पाहिलं. वसाहतीत एक बुवा तापावर अंगारा विकत फिरत होता, तेव्हा वडिलांनीच पत्रक काढलं होतं: ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, डोळ्यांनी पाहा, पुरावा मागा. त्याची प्रुफं मी त्यांना वाचून दाखवली होती. आता पुरावा आमच्या फरशीवर ओला होता.

"आबा," मी म्हणाले, "आत्या म्हणते ते खरं आहे. आई नव्हती तेव्हा ते एकदाही इथे बसलं नाही. तुम्ही पाहिलंय."

"पाह्यलंय," वडील म्हणाले.

"मग आईला सांगा."

त्यांनी सायकलचं चाक फिरवून पाहिलं. "पुरावा गेटवर लागतो," ते म्हणाले. "घरात नांदावं लागतं."

ते खोटं बोलत नव्हते. आत्या बरोबर आहे हे त्यांना कळलं होतं. पण आईला बोललं तर ती जेवणार नव्हती, माहेरी निघून जाणार होती, वसाहतीत चर्चा होणार होती. आत्याला बोललं तर काहीच होणार नव्हतं. दोघींपैकी जिला जायला जागा नाही तिला दाबणं सोपं. मालक नेमका हाच हिशोब करतो, हे मला वडिलांनीच शिकवलं होतं, माझ्या वहीत आकृती काढून.

रविवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, वडिलांनी गोणपाटाचं पोतं काढलं. मांजर त्यांच्या हाती येईना. आईनं झाडू घेतला, तो पाहून ते देव्हाऱ्याच्या फळीवर चढलं. मग वडील म्हणाले, "आक्का, तू बोलाव. तुज्याकडं यतंय ते."

"मी न्हाई बोलवायची."

"मग ठरव. मांजर ऱ्हाईल, न्हाईतर तू."

हे आपण चेष्टेत म्हणालो होतो, असं वडील नंतर सांगत. त्या वेळी कुणी हसलं नाही. आत्या उठली. तिनं तळहातावर दुधाची साय घेतली आणि तोंडानं चुकचुक केलं. मांजर फळीवरून उतरलं, तिच्या पायाला अंग घासलं आणि साय चाटू लागलं. ते चाटत असताना तिनं दुसऱ्या हातानं त्याला उचललं आणि पोत्यात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. सुतळी वडिलांनी आवळली.

वडिलांनी ते सायकलच्या कॅरियरला बांधून पवनेपलीकडे, सांगवीच्या शिवारात सोडलं. मांजर पाणी ओलांडत नाही म्हणतात. पण दिवस उन्हाळ्याचे होते. पवनेत घोटाभर पाणी, बाकी सगळे दगड. हे वडिलांच्या ध्यानात आलं नाही. ते स्वतः सायकल ढकलत त्याच दगडांवरून गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून आत्या दुपारी घराबाहेर पडू लागली. भाकरी झाकून ठेवायची आणि नदीकडे चालू लागायची. सांगवीच्या बांधाबांधानं चुकचुक करत फिरायची. मांजर मिळालं नाही. पण रोज त्या वाटेनं जाता-येता तिची एका बाईशी ओळख झाली. ती बाई औंधाच्या बाजूला एका दवाखान्यात आया होती. रोग्यांचं हगणं-मुतणं काढायला तिथे बायका मिळत नाहीत, असं तिनं सांगितलं. आत्यानं हे घरी फक्त मला सांगितलं. "राहायला खोली बी देत्यात," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आधी मांजर गावू दे."

मांजर आपणच आलं. काही दिवस गेले होते. सकाळची वेळ, आत्या सार्वजनिक नळावर. वडील शिफ्ट सुटताना वाटायचा नवा गठ्ठा सुतळीनं बांधत बसले होते. खिडकीत मांजर उभं राहिलं. बरगड्या दिसत होत्या, डावा कान फाटून लोंबत होता. ते आत उतरलं, वडिलांच्या समोरून, माझ्या समोरून, आईच्या समोरून चालत कोपऱ्यात गेलं. आई रोज शिंपडतच होती. मांजरानं फरशी हुंगली. इतक्या लांबून, इतक्या दिवसांनी त्याला आपल्या घराची जी एकमेव खूण ओळखता आली, ती म्हणजे हा वास होता. ते बसलं.

वडिलांच्या हातात गठ्ठा होता. त्यांनी तोच फेकला.

भरगच्च कागदाचा गठ्ठा विटेसारखा लागतो. मांजराची कंबर मोडली. ते ओरडलं नाही. पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत ते आतल्या खोलीत गेलं, मोरीच्या कडेच्या खोक्यापाशी. खोकं रिकामं होतं. त्यानं कसंबसं पुढचं अंग आत घातलं आणि ते उकरू लागलं. राख नव्हती, नुसतं लाकूड. तो नखांचा आवाज आत्या येईपर्यंत येत होता.

गठ्ठ्याच्या वरच्या पानावर काय छापलं होतं ते मी वाचलं. छापलेलं दिसलं की न वाचता मला राहवत नाही. पण ते इथे लिहीत नाही, कारण वाचणाऱ्याला मी रचून सांगते आहे असं वाटेल.

आत्या हंडा घेऊन आली. तिनं हंडा खाली ठेवला, बंब उघडला, त्यातली राख ओंजळीनं काढली, अजून कोमट होती, आणि खोक्यात मांजराच्या पंजांखाली पसरली. मग शेजारी बसली. शिफ्ट सुटायची वेळ झाली तेव्हा वडील उठले, गठ्ठा झटकला आणि गेटवर गेले. पत्रकं सगळी वाटली गेली. मांजर त्याआधी मेलं होतं.

आता आईला धाप लागली. "माझ्या पोटावर यील," एवढंच ती म्हणत होती. "मारलंत तुमी. सोडलं न्हाई, मारलंत." वडिलांनी तिला बुवाबाजीविरुद्धच्या आपल्याच पत्रकातलं काहीतरी सांगून पाहिलं. तिनं जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं भटजी आले. वडिलांनी पुढचं दार लावून घेतलं होतं.

भटजींनी पाट मांडून विचार केला. "काशी लांब. सोन्याचं तर राहूच द्या. चांदीचं?"

वडिलांनी नकारार्थी मान हलवली.

"मग कणकेचं करा. चार पाय, शेपूट, डोळ्यांच्या जागी लवंगा. पूजा करू आणि वाहत्या पाण्यात सोडून द्या. गरोदर बाईनं मात्र हात लावू नये, बघूही नये. घरात दुसरं कोण आहे?"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

"सवाष्ण आहेत?" भटजींनी आईला विचारलं.

आई अडखळली. "व्हय बी आन् न्हाई बी."

"म्हणजे?"

"नवरा हाय. सोडल्यालं हाय."

भटजींनी डोळे मिटून ते शास्त्रात कुठे बसतं ते पाहिलं असावं. "चालेल," ते म्हणाले.

आत्यानं परातीत कणीक घेतली. ती पोळ्यांची मळते तशीच मळली, पाणी बेतानं, तेलाचं बोट. वडील वर्तमानपत्र धरून बसले होते. पान उलटत नव्हते. आत्यानं आधी अंग केलं, मग मान, मग डोकं. अंगठ्यानं नाक चिमटलं. लवंगा लावल्या. उजवा कान उभा केला. डावा नखानं चिरला आणि खाली लोंबता ठेवला.

आईनं बघायचं नव्हतं. ती दाराआडून बघत होती. "वन्सं, त्यो कान... नीट करा की."

"कान असाच हुता, वैनी."

मग तिनं पाय केले. पुढचे दोन उभे, ताणलेले. मागचे दोन लांब करून परातीवर टेकवले, अंगामागे फरफटत असल्यासारखे.

वडिलांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "आक्का, पाय चार सांगितल्यात."

"चारच हायेत," आत्या म्हणाली. "मागलं उठत न्हाईत."

भटजींनी त्याच मांजराला हळदकुंकू वाहिलं. त्यांना कणकेच्या पायांशी कर्तव्य नव्हतं.

ते नदीत सोडायला वडील जाणार नव्हते, कारण वाटेत कामगार भेटले असते. आत्याला त्यांनी सांगितलं, "गावातनं नको. मागल्या अंगानं जा." मला सोबत दिलं. मी परात घेतली, आत्यानं काखेत एक पोतं घेतलं. मला वाटलं परात झाकायला घेतलं असेल.

पवनेच्या काठी आम्ही उभ्या राहिलो. पाणी कुठेच वाहत नव्हतं. डबकी, शेवाळ, आणि मधे तापलेले दगड. आत्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं. मग कणकेचं मांजर एका सपाट दगडावर ठेवलं, तोंड पिंपरीकडे करून. एक कावळा लगेच जवळ उतरला.

"वाहतं पाणी पाहिजे होतं," मी म्हणाले.

"भटाला सांग वाहायला," आत्या म्हणाली. तिनं पोतं उघडलं. आत तिची लुगडी होती. पोतं डोक्यावर घेऊन तिनं लुगड्याचा ओचा खोचला. "आबाला सांग, सोडून आली. काय सोडलं, ते त्यो इचारायचा न्हाई."

ती दगडांवरून पलीकडे गेली, सांगवीकडे. मागे वळून पाहिलं नाही. मी असं लिहिलं की लोकांना ते करारी वाटतं. खरं म्हणजे शेवाळावरून पाय घसरेल म्हणून ती खाली बघत होती.

घरी वडिलांनी विचारलं, "सोडलं?"

"सोडलं."

"आक्का कुठाय?"

मी परात मोरीत ठेवली.

मुलगा झाला. जगला. आई आजही म्हणते, कणकेच्या मांजरानं वाचवला. तिच्या बाळंतपणात भाकरी थापायला कुणी नव्हतं, म्हणून वडील एका रविवारी मला घेऊन दवाखान्यात आत्याला आणायला गेले. ती मागच्या व्हरांड्यात रोग्यांची भांडी घासत होती, राखेनं. तिनं वडिलांना बस म्हटलं नाही. बाळ कसं आहे, विचारलं. घरी चल, असं वडील दोनदा म्हणाले. पत्रकातली भाषा त्यांना त्या दिवशी एकदाही आठवली नाही.

"वैनी अजून शिपडती का कोपऱ्यात?" तिनं विचारलं.

"शिपडती."

"मग मांजराला तोटा न्हाई तुमास्नी." आणि ती पुढचं भांडं घेऊन बसली.

आम्ही परत आलो तेव्हा खिडकी उघडी होती. वसाहतीतला एक धटिंगण बोका देव्हाऱ्याखाली उभा होता. त्यानं शेपूट वर केली, गठ्ठ्यांवर धार सोडली, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि आला तसा निघून गेला. वडिलांनी हात उचलला नाही. त्यांनी वरचे कोरडे गठ्ठे तेवढे काढून खाटेवर ठेवले.

आतून, बाळंतिणीच्या खाटेवरून, आईनं मला हाक मारली. "गडू घे गं."

मी घेतला नाही.